‘ओपाइन’ म्हणजे नुसते ‘म्हणाले’ नव्हे

आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, निकालपत्रांत आणि सरकारी टिपणांत ‘ओपाइन’ (opine, म्हणजे मत देणे) हे क्रियापद पदोपदी भेटते. उच्च न्यायालय ‘ओपाइन’ करते, न्यायवैद्यक तज्ज्ञ करतो, अर्थतज्ज्ञ करतात आणि कसोटी हरल्यावर माजी कर्णधारही करतो. त्यावरून इंग्रजी शिकवणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या मंडळींत एक वाद वरचेवर पेटतो. एका बाजूला वाटते की ही साहेबाच्या कचेरीतून उरलेली जडजंबाल भाषा आहे, आजच्या लंडन-न्यूयॉर्कमध्ये कोणी गंभीरपणे असे लिहीत नाही, तेव्हा सरळ ‘सेड’ (said, म्हणजे म्हणाले) लिहावे. दुसरी बाजू म्हणते, इंग्रजी आता आमचीही भाषा आहे, ती कशी वापरायची हे आम्हाला कोणी शिकवू नये. दोघेही शैलीवर आणि अस्मितेवर भांडतात. मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. दुसऱ्याचे म्हणणे वाचकापर्यंत पोहोचवताना आपण जे क्रियापद निवडतो, त्यातून त्या म्हणण्यामागे कोण, कोणत्या अधिकाराने आणि किती जबाबदारी घेऊन उभा आहे, हे कळते की नाही? माझ्या मते ‘ओपाइन’ हा शब्द टाकून देण्याजोगा नाही आणि हवा तिथे उधळण्याजोगाही नाही. ज्याला मत देण्याचा अधिकार आहे, ज्याने ते कारणांसह दिले आहे आणि ज्याला त्याबद्दल जाब विचारता येतो, त्याच्यासाठी तो राखून ठेवला पाहिजे.

विरोधकांची बाजू कच्ची नाही. लॅटिनमधल्या ‘ओपिनारी’पासून फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या शब्दाला आज ब्रिटिश-अमेरिकी बोलण्यात एक छटा चिकटली आहे. कोणी न विचारता, मोठा आव आणून मत ठोकून देणाऱ्या माणसाबद्दल तिकडे हा शब्द येतो. त्यामुळे आपला बातमीदार एखाद्या शास्त्रज्ञाबद्दल आदराने ‘ओपाइन्ड’ लिहितो, तेव्हा तिकडच्या वाचकाला त्यात टिंगल ऐकू येण्याची शक्यता असते. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेली टिंगल वाचणाऱ्यापर्यंत पोहोचणे हा लहान दोष नव्हे. दुसरी गोष्ट, हे क्रियापद प्रथमपुरुषी फारसे कोणी वापरत नाही. स्वतःबद्दल बोलताना माणूस ‘आय थिंक’ म्हणतो, फार औपचारिक झाला तर ‘आय अ‍ॅम ऑफ द ओपिनियन’ म्हणतो. ‘ओपाइन’ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडी घातले जाते. म्हणजे शब्द बोलणाऱ्याचा नसतो, बातमी लिहिणाऱ्याचा असतो, आणि त्याचा बरावाईट परिणाम बोलणाऱ्याला भोगावा लागतो.

इतके मान्य केल्यावरही ‘तिकडे कोणी गंभीरपणे वापरत नाही’ हे विधान टिकत नाही. अमेरिकेतल्या कोर्टांत तज्ज्ञ साक्षीदार रोज ‘ओपाइन’ करतात आणि कोणी हसत नाही. मोठ्या कर्जव्यवहारांत वकिलांची फर्म जे ओपिनियन लेटर देते, त्यात कोणत्या मुद्द्यांवर ‘ओपाइन’ करायचे आणि कोणत्या नाही, यावर आठवडेच्या आठवडे वाटाघाटी चालतात, कारण मत चुकले तर फर्मवर दावा होऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राचे नावच ‘ओपिनियन ऑफ द कोर्ट’ आहे. स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनमधला न्यायाधीश आपला लेखी निकाल ‘ओपिनियन’ म्हणूनच देतो. युरोपीय न्यायालयात अ‍ॅडव्होकेट जनरलचे, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याचे, ‘ओपिनियन’ न्यायालयावर बंधनकारक नसते, तरी वकीलवर्ग ते बारकाईने वाचतो. गप्पांच्या फडात हा शब्द हलका झाला आहे, कामकाजाच्या जागी त्याचे वजन कायम आहे. हे वजन येते कुठून?

शवविच्छेदनाचा अहवाल जवळून पाहिला की याचे उत्तर सापडते. त्याचा मोठा भाग डोळ्यांना जे दिसले त्याचा असतो. जखम कुठे, किती सेंटीमीटर लांब, कडा कशा, फुप्फुसे कशी, पोटात काय सापडले. डॉक्टर इथे मत देत नाही, नोंद करतो. अगदी शेवटी वेगळा रकाना येतो, मृत्यूच्या कारणाबाबतचे मत. काही वेळा त्या रकान्यात एवढेच असते की मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा जतन केला आहे. पाहिलेले आणि त्यावरून काढलेले यांच्यामध्ये ही रेघ मुद्दाम ओढलेली असते, कारण पुढे उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका याच रेघेवर बोट ठेवणार असतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ ने तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम ३९ मध्ये आली आहे. जुन्या कायद्यातले कलम ५१ मात्र सहसा कोणाला आठवत नाही. एखाद्याचे मत जिथे प्रस्तुत ठरते, तिथे ते मत ज्या कारणांवर उभे आहे ती कारणेही प्रस्तुत ठरतात, असे ते कलम सांगत होते. इंग्रजी क्रियापदाच्या गंभीर वापराचा सगळा सारांश मला या एका कलमात दिसतो.

ऑडिटरचेही तसेच. ‘आमच्या मते हे हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात’ हे वाक्य लिहिताना सीए बाजू निवडत असतो. त्याच्यापुढे चार वाटा असतात: स्वच्छ मत, सशर्त मत, प्रतिकूल मत आणि मत देण्यास नकार. सत्यम या संगणक कंपनीच्या हिशेबांवर वर्षानुवर्षे पहिली वाट निवडली गेली आणि ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब फुगवल्याचे तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंबरोबर दोन ऑडिटरांनाही दोषी ठरवले. त्यांनी नुसते काही ‘म्हटले’ असते, तर त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नव्हते. त्यांनी मत दिले होते आणि त्या मतावर विसंबून लोकांनी पैसे लावले होते. महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने चढवलेला टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काचा अहवाल, उघडला की वकील लिहितो, माझ्या मते टायटल क्लिअर अँड मार्केटेबल आहे. त्या दोन शब्दांवर बँक कर्ज देते आणि माणूस वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतो.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. मत आणि वस्तुस्थिती यांच्यातली सीमाच पुसट आहे आणि ‘हे फक्त मत आहे’ ही हुशार लोकांची पळवाट बनली आहे, असे कोणी म्हटले तर? त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या घरकर्जांच्या रोख्यांना पतमानांकन कंपन्यांनी सर्वोच्च दर्जा दिला, २००८ मध्ये ते रोखे कोसळले, आणि कंपन्यांचा बचाव होता की मानांकन हे मत आहे, मत मांडण्याचे स्वातंत्र्य आम्हाला संविधानाने दिले आहे. स्टँडर्ड अँड पुअर्सने शेवटी २०१५ मध्ये १.३७५ अब्ज डॉलर देऊन केंद्र आणि राज्य सरकारांशी तडजोड केली. त्याआधी १९९० मध्ये मिल्कोविच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच पळवाट अडवली होती. ओहायोतल्या एका कुस्ती प्रशिक्षकाने शपथेवर खोटे सांगितले, असे सूचित करणारा स्तंभ स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला होता. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी दाखवून दिले की ‘जोन्स खोटारडा आहे’ आणि ‘माझ्या मते जोन्स खोटारडा आहे’ या दोन वाक्यांनी जोन्सच्या अब्रूला सारखीच इजा होऊ शकते. सुरुवातीला ‘माझ्या मते’ जोडले म्हणून आत दडलेला वस्तुस्थितीचा दावा नाहीसा होत नाही.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? सीमा पुसट आहे म्हणून शब्दच सोडून द्यायचा, की ती अधिक काळजीने आखायची? ब्रिटिश विज्ञानलेखक सायमन सिंग यांच्या खटल्याकडे पाहा. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी ‘गार्डियन’मध्ये लिहिले की लहान मुलांच्या दम्यापासून कानाच्या संसर्गापर्यंत अनेक विकारांवर कायरोप्रॅक्टिक (पाठीचा कणा हातांनी दाबून करायचे) उपचार चालतात, हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनचा दावा बिनबुडाचा आहे आणि ही संस्था खुशाल भोंदू उपचारांचा प्रचार करते. संस्थेने अब्रुनुकसानीचा दावा लावला. मे २००९ मध्ये न्यायमूर्ती ईडी यांनी ठरवले की हे वस्तुस्थितीचे विधान आहे. म्हणजे संस्था जाणूनबुजून अप्रामाणिक आहे, हे सिंग यांनी पुराव्यानिशी सिद्ध करायचे. ते जवळजवळ अशक्य होते. १ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला: वैज्ञानिक पुरावा पुरेसा आहे की नाही, याबद्दलचे हे मत आहे. निकालपत्रात न्यायाधीशांनी गॅलिलिओची आठवण काढली. विचार वेगळा केला म्हणून इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कैदेत पडलेला तो म्हातारा आपल्याला इटलीत भेटला, असे इंग्रज कवी मिल्टनने १६४४ मध्ये लिहून ठेवले होते. दोन आठवड्यांत संस्थेने दावा मागे घेतला. या प्रकरणाने जोर चढलेल्या चळवळीतून २०१३ चा बदनामी कायदा आला. त्याच्या कलम ३ मधला प्रामाणिक मताचा बचाव घ्यायचा तर विधान मत असले पाहिजे, ते कशावर आधारलेले आहे हे निदान ढोबळपणे सांगितलेले असले पाहिजे, आणि त्या तथ्यांवरून प्रामाणिक माणूस तसे मत बनवू शकला पाहिजे. १८७२ चे कलम ५१ आणि २०१३ चे कलम ३ यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षे आहेत आणि दोघांची मागणी एकच आहे, मताबरोबर आधार दाखवा. जी सीमा नाहीच असे म्हणता, तिच्या एका बाजूला सिंग यांचा पराभव होता आणि दुसऱ्या बाजूला सुटका.

आधार न विचारता मत स्वीकारले की काय होते, त्याचे सॅली क्लार्क प्रकरणाइतके अंगावर येणारे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. इंग्लंडमधल्या या सॉलिसिटर बाईची दोन तान्ही मुले एकामागून एक दगावली आणि तिच्यावर खुनाचा खटला भरला गेला. नामवंत बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले की अशा सुखवस्तू घरात दोन मुले पाळण्यात आपसूक दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे. हा आकडा आला कुठून? एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि त्या संख्येचा वर्ग केला. दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे गृहीत धरल्याशिवाय हा गुणाकार करता येत नाही, आणि एकाच आईबापांच्या मुलांबाबत तसे गृहीत धरायला काही आधार नव्हता. शिवाय बोलणारा माणूस बालरोगतज्ज्ञ होता, संख्याशास्त्रज्ञ नव्हता. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीरपणे या आकड्याला हरकत घेतली. २००३ च्या जानेवारीत शिक्षा रद्द झाली. एका मुलाच्या तपासण्यांचे निष्कर्ष बचाव पक्षाला दाखवलेच गेले नव्हते, हेही तोवर उघड झाले होते. चार वर्षांनी ती वारली. बातमीत ‘सेड’ऐवजी ‘ओपाइन्ड’ लिहिले असते तर ती वाचली असती, असा बालिश दावा मी करत नाही. पण हे मत आहे, आणि मताला आधार, कार्यक्षेत्र आणि मर्यादा असतात, ही जाणीव त्या कोर्टात आणि बाहेर जरा जागी असती, तर त्या आकड्याला वस्तुस्थितीचा मान मिळाला नसता.

‘सेड’वाल्यांचे म्हणणे असे की वार्ताहराने तटस्थ राहावे, आणि सगळ्यात तटस्थ क्रियापद ‘सेड’ हेच आहे. मंत्र्याच्या पत्रकार परिषदेपुरते, खेळाडूच्या मुलाखतीपुरते, रस्त्यावरच्या माणसाच्या प्रतिक्रियेपुरते मला हे पूर्ण मान्य आहे. तिथे ‘ओपाइन्ड’ लिहिणारा उपसंपादक केवळ एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून शोभेचा शब्द घालतो आणि कॉपी बिघडवतो. संस्था बोलते तेव्हा मात्र ‘सेड’ वाचकाला अंधारात ठेवते. २६ एप्रिल २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सुनावणीदरम्यान तोंडी म्हटले की कोरोनाच्या दुसऱ्या लाटेला निवडणूक आयोगच जबाबदार आहे आणि त्याच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल करायला हवेत. देशभर मथळे झळकले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शहा यांनी सांगितले की ते शेरे कठोर होते, उपमा अनुचित होती, पण तोंडी शेरे न्यायालयीन अभिलेखाचा भाग नसतात, त्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. माध्यमांना असे शेरे छापण्यापासून रोखायलाही त्यांनी नकार दिला. तो नकार योग्यच होता. पण छापण्याचे स्वातंत्र्य मिळाले की नेमके काय छापले हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सुनावणीत वकिलाला कोपऱ्यात घेताना केलेला शेरा, निकालपत्रातले निरीक्षण, राष्ट्रपतींना दिलेले सल्लावजा मत आणि संविधानाच्या कलम १४१ खाली देशभर बंधनकारक ठरणारा निर्णय या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी कायद्याच्या भाषेत त्यांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. चारही ठिकाणी ‘सेड’ लिहिणे जितके चूक, तितकेच चारही ठिकाणी ‘ओपाइन्ड’ लिहिणे.

‘ओपाइन’ म्हणजे नुसते बोलणे असेल, तर न्यायालयांनी इतिहासात वेळोवेळी नकार दिला तो कशाला? १७९३ च्या जुलैमध्ये फ्रान्स-ब्रिटन युद्धातल्या तटस्थतेचे कायदेशीर पेच घेऊन अमेरिकेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या वतीने परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना मत विचारले. सरन्यायाधीश जॉन जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये नम्रपणे पण ठाम नकार कळवला, आणि तिथले केंद्रीय न्यायालय आजही सल्लावजा मत देत नाही. आपल्या संविधानाने कलम १४३ मध्ये ही वाट उघडी ठेवली. तरीही बाबरी मशिदीच्या जागी पूर्वी मंदिर होते का, हा प्रश्न राष्ट्रपतींनी १९९३ मध्ये पाठवला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये उत्तर द्यायला आदरपूर्वक नकार दिला. त्याच निकालपत्रात न्यायालयाने अयोध्येतल्या जमिनीच्या संपादनावर पानेच्या पाने लिहिली आहेत. म्हणजे बोलायला ते तयार होते. आपल्या अधिकाराची मोहर एका मतावर उमटवायला तयार नव्हते.

राहिली ‘इंग्रजी आमचीही आहे’ म्हणणारी बाजू. तिच्याशी माझे भांडण कमी आहे, कारण भाषेचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. परंतु मालकी सांगायची तर शब्दाचा अर्थ नेमका ठेवण्याची मेहनतही आपलीच. १८९७ मध्ये लोकमान्यांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले की ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा अभाव. सरकारवर टीका करणे आणि सरकारविरुद्ध शत्रुत्व चेतवणे यांतला फरक त्या एका अर्थाने जवळजवळ पुसला, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी ज्युरीपुढे वीस तासांहून अधिक भाषण केले. ‘केसरी’तल्या मराठी लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे मूळ अर्थ कशी वाकवतात, हे त्यांनी शब्द-शब्द घेऊन दाखवले. शिक्षा टळली नाही, मंडालेची सहा वर्षे भोगावी लागली. राज्यकर्त्याच्या भाषेत त्याच्याच न्यायाधीशाशी शब्दाच्या अर्थावरून इतक्या चिकाटीने झगडलेल्या माणसाचे नाव आपण घेतो, आणि आपल्या इंग्रजीत ‘हेल्ड’ (निर्णय दिला), ‘ऑब्झर्व्ह्ड’ (निरीक्षण नोंदवले), ‘रिमार्क्ड’ (शेरा मारला) आणि ‘ओपाइन्ड’ अदलाबदलीने चालतात असेही म्हणतो. ही भाषेवरची मालकी नव्हे, हेळसांड आहे.

या हेळसांडीची किंमत इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा मराठी वाचणाऱ्याला जास्त मोजावी लागते. मराठी बातमीदारीकडे यासाठी चांगली शब्दसंपत्ती आहे: निर्वाळा दिला, आदेश दिले, निरीक्षण नोंदवले, ताशेरे ओढले, मत व्यक्त केले. जिल्ह्याच्या ठिकाणचा कोर्ट बीट सांभाळणारा जुना बातमीदार यातला फरक बरोबर जाणतो. पण संध्याकाळी वृत्तसंस्थेची, म्हणजे एजन्सीची, कॉपी इंग्रजीतून येते, तिच्यात निर्णयालाही ‘ओपाइन्ड’ असते आणि शेऱ्यालाही, हाताशी वेळ अर्धा तास असतो, आणि डेस्कवर दोन्हींचे ‘मत व्यक्त केले’ होते. मग पुनर्विकासावरून भांडणाऱ्या एखाद्या सोसायटीचा सचिव सकाळी ती बातमी वाचून सभासदांना सांगतो की कोर्टाने फक्त मत दिले आहे, बंधनकारक काही नाही. किंवा उलट, सुनावणीतला एक शेरा कापून नोटीस बोर्डावर लावतो आणि निकाल लागला म्हणून पेढे वाटतो. त्याला निकालपत्र मागवून वाचायला सांगणे सोपे आहे. एजन्सीच्या डेस्कवर बसलेल्या माणसाने ‘ओपाइन्ड’ टाइप करण्याआधी हे सुनावणीत बोलले गेले की निकालपत्रात लिहिले गेले, एवढे बातमीदाराला फोन करून विचारणे त्याहून सोपे आहे.